वाचकांचे प्रश्न : दलमकडे जाणारे आणि दलममधून परतणारे

भाकप (माओवादी) या बंदी असलेल्या पक्षाच्या पॉलिट ब्युरोचा (पक्षाच्या सर्वोच्च समितीचा) सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. तेव्हापासून या सदराकडे एकाच विषयावरची पत्रे सातत्याने येत आहेत. माणूस राजकीय हिंसेच्या टोकापर्यंत कसा जातो आणि तिथून परत कसा येतो, हा तो विषय. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. नक्षलवाद हा गरिबीचा आणि मागासलेपणाचा परिणाम आहे, असे आम्ही मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. मध्यंतरी दहावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गरीब तर आमच्या गावातही सगळेच आहेत, मग आमच्याकडचे कुणी का गेले नाही?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

उत्तर : त्या विद्यार्थ्याचा प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकी उत्तरापेक्षा अधिक नेमका आहे. गरिबीमुळे आणि अन्यायामुळे असंतोष निर्माण होतो, यात शंका नाही. मात्र त्या असंतोषाचे पुढे काय होणार, हे त्या असंतुष्ट माणसापर्यंत आधी कोण पोहोचले यावर बरेचसे अवलंबून असते. गडचिरोलीइतके याचे स्पष्ट उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

एप्रिल १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांनी आंध्र प्रदेशात पीपल्स वॉर ग्रुप स्थापन केला आणि त्याच वर्षी या गटाची छोटी पथके, ज्यांना सगळे दलम म्हणतात, नदी ओलांडून सिरोंचा-अहेरी भागात आली. गडचिरोली तेव्हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता; चंद्रपूरचे विभाजन होऊन तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. गावकऱ्यांशी या पथकांचा संबंध जुळला तो क्रांतीच्या सिद्धान्तावरून नव्हे, तेंदूपानाच्या भावावरून. ऐन उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे, असे हे काम आहे. त्यात घरातले म्हातारे आणि मुलेही राबतात. फळीवरचा मुन्शी त्यातले काही पुडे खराब ठरवून बाजूला टाकणार, आणि त्यावर दाद मागायची तर कुणाकडे, हे कुणालाच ठाऊक नसणार, अशी तेव्हाची परिस्थिती होती. सरपणाच्या काटकीसाठी वनरक्षकाला कोंबडी द्यावी लागे. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबू तोडणाऱ्यांची मजुरीही अशीच वरून ठरवली जाई. दलमने ठेकेदारांना धमकावून पानांचा भाव वाढवून घेतला. पुढे याच ठेकेदारांकडून मिळणारी खंडणी त्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन झाली, हा भाग निराळा; पण ज्या घरात त्या हंगामात चार पैसे जास्त आले, त्या घराने ते कुणामुळे आले हे लक्षात ठेवले.

त्या घरातला मुलगा लगेच बंदूक घेऊन जंगलात गेला, असे मात्र झाले नाही, आणि विद्यार्थ्यांना हीच गोष्ट सावकाश समजावून सांगण्यासारखी आहे. आरंभी त्याला सांगितले जाणारे काम अगदी साधे असे : गावात घरटी तांदूळ गोळा करून ठेवणे, पोलिसांची गाडी आली तर निरोप पोहोचवणे, रात्रीच्या बैठकीला लोकांना बोलावणे. बैठकीत चेतना नाट्य मंच या त्यांच्या सांस्कृतिक पथकाची गाणी असत आणि ती गोंडीत असत. बाहेरून आलेल्या कुणीही तोवर त्या मुलांशी त्यांच्या भाषेत इतका वेळ बोललेले नव्हते. मग तो संगमचा, म्हणजे त्यांच्या गावपातळीवरच्या संघटनेचा, सदस्य होई, पुढे जनमिलिशियात, म्हणजे गावातच राहणाऱ्या त्यांच्या सशस्त्र गटात, जाई. या काळात तो घरीच राहतो, शेतावर जातो, आणि मनात आणले तर मागे फिरू शकतो. खरा बदल होतो तो त्याचे नाव पोलिसांत गेल्यावर. एखाद्या जाळपोळीच्या गुन्ह्यात दहा जणांबरोबर त्याचेही नाव येते, घरी चौकशी होते, कदाचित मारहाणही होते, आणि मग घरी झोपण्यापेक्षा दलमसोबत जंगलातल्या डेऱ्यावर झोपणे त्याला सुरक्षित वाटू लागते. मुलींच्या बाबतीत मनाविरुद्ध ठरवलेले लग्न हेही घर सोडण्याचे एक कारण असे. सिद्धान्ताचे शिक्षण डेऱ्यावर पोहोचल्यानंतर सुरू होते आणि केलेल्या निवडीचे समर्थन पुरवण्याचे काम करते.

इतर देशांतील अभ्यासकांनाही हाच क्रम आढळला आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मार्क सेजमन यांनी जागतिक जिहादी चळवळीतील १७२ जणांची चरित्रे तपासून २००४ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत मैत्री आणि नातेसंबंध हे भरतीचे प्रमुख सूत्र होते. समाजशास्त्रज्ञ डोनातेल्ला देल्ला पोर्ता यांना इटलीतील सशस्त्र डाव्या गटांच्या अभ्यासात असेच चित्र दिसले : बहुतेकांच्या ओळखीचे कुणीतरी आधीच आत होते.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. भामरागडजवळ हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे १९७३ पासूनच काम करत होते. १९८४ मध्ये इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले, त्यात बाबा आमटे होते. हजारो आदिवासी रस्त्यावर आले आणि ती धरणे झाली नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे कार्यकर्ते याच आंदोलनात तयार झाले. देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने त्या गावाने "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा दिली, एकमताने निर्णय घेणारी ग्रामसभा उभी केली आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. जंगल तेच, वनखाते तेच, आणि गरिबीही फारशी वेगळी नव्हती. वेगळे होते ते तक्रार घेऊन जाण्याचे ठिकाण. आपल्या विद्यार्थ्याच्या गावातून कुणी का गेले नाही, याचे उत्तर त्याने स्वतःच शोधावे, असे मी सुचवेन. १९८० ते २००० या काळात गावावर संकट आले तेव्हा लोक कुणाच्या दारात गेले, हे त्याने आपल्या आजोबांना विचारावे.

प्रश्न : आदिवासी तरुणांचे आपण म्हणता ते पटण्यासारखे आहे, पण मुंबई-नागपूरची शिकलेली, खाऊनपिऊन सुखी असलेली माणसे या मार्गाला का लागतात? आणि टोकाची हिंसा म्हटली की डाव्यांचीच चर्चा का होते? (ठाणे)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थोडक्यात देता येते. टोकाची हिंसा कोणत्याही एका बाजूची मक्तेदारी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. मे २०२४ मध्ये विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले आणि खुनामागचे सूत्रधार तपास यंत्रणांना शोधता आले नाहीत, असे ताशेरे ओढले. गोळी झाडणारा कायद्याच्या हाती लागतो, पण त्याला शोधणारा, जोपासणारा आणि आपल्या मंडळींत सामावून घेणारा माणूस बहुधा पडद्याआड राहतो. हे डाव्या, उजव्या आणि धर्माच्या नावाने चालणाऱ्या सर्वच गटांना लागू आहे.

शहरी सुशिक्षितांच्या बाबतीत मात्र मी पहिल्या उत्तरातला क्रम थोडा सैल करायला तयार आहे. तिथे वाचन आणि विचार यांचा वाटा मोठा असतो. पुढे माओवादी नेत्या झालेल्या अनुराधा गांधी या मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी. घरात डाव्या विचारांचे वातावरण होते. १९७२ च्या दुष्काळात त्या दुष्काळी भागात गेल्या, पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत आल्या, नागपूरला प्राध्यापकी करताना इंदोरा या दलित वस्तीत राहिल्या, कामगारांत आणि स्त्रियांत काम केले, आणि अखेरीस भूमिगत होऊन बस्तरच्या जंगलात गेल्या. एप्रिल २००८ मध्ये मलेरियाने त्यांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील चकमकीत मारला गेलेला माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडे हा वणी तालुक्यातला. वेस्टर्न कोलफिल्ड्समधला कामगार आणि कामगार संघटनेचा कार्यकर्ता म्हणून त्याची सुरुवात झाली. या दोघांच्या आयुष्यांत कुठेही एका रात्रीत झालेले परिवर्तन दिसत नाही. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाला धरून आहे आणि त्यातली पहिली कितीतरी पावले कुणाही संवेदनशील माणसाने टाकावीत अशीच आहेत. दुष्काळग्रस्तांत काम करणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य पुढे शिक्षक, पत्रकार, डॉक्टर किंवा संसदीय पक्षांचे कार्यकर्ते झाले. म्हणूनच पहिल्या पावलावरून शेवटच्या पावलाचा अंदाज बांधणे चूक आहे, आणि सरकारवर कडक टीका करणाऱ्या प्रत्येकाला 'शहरी नक्षल' म्हणण्याची सध्याची सवय मला धोकादायक वाटते. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांवर कारवाई करण्यासाठीचे जनसुरक्षा विधेयक संमत केले, तेव्हा त्यावर झालेल्या वादाचा गाभाही हाच होता. मोर्चात येणारा आणि बंदूक पुरवणारा यांना एकाच नावाने हाक मारली, तर मोर्चातल्याला मागे खेचू शकणारे लोकही गप्प बसतात.

प्रश्न : माझा भाचा बावीस वर्षांचा आहे, पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभरापासून तो एका संघटनेच्या नादी लागला आहे. कोणत्या बाजूची ते मुद्दाम लिहीत नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो एका समाजाबद्दल इतके विखारी लिहू लागला की माझ्या भावाने त्याला ग्रुपमधून काढले, मोबाइल काढून घेतला आणि आता बापलेकांत बोलणेही नाही. तो फक्त माझ्याशी बोलतो. "आत्या, तुला काही कळत नाही, त्यांना धडा शिकवायलाच हवा," असे म्हणतो. मी काय करू?

उत्तर : बाजू लिहिली नाहीत ते बरे केलेत, माझे उत्तर त्यामुळे बदलले नसते. या घडीला आपल्या हातात असलेली सर्वांत मोलाची गोष्ट ही की तो अजून आपल्याशी बोलतो, आणि पुढे जे काही करायचे ते ही गोष्ट सांभाळूनच करायला हवे.

आपल्या भावाचा संताप समजण्यासारखा आहे, पण त्याने उचललेल्या पावलामुळे त्या संघटनेचे काम सोपे झाले. अशा गटांत नव्या मुलाला सुरुवातीलाच सांगितले जाते की घरचे तुला समजून घेणार नाहीत, ते तुला तोडतील, आणि तेव्हा आम्हीच तुझे असू. घरच्यांनी खरोखरच तोडले की सांगणारा खरा ठरतो. त्यामुळे भावाला आधी एवढेच पटवा की जेवणाच्या ताटावर राजकारण काढायचे नाही, पण मुलाला ताटावर बसवायचे. मोबाइल परत द्यावा. बावीस वर्षांच्या मुलाला दुसरा मोबाइल मिळवायला एक दिवसही लागत नाही, आणि त्या दुसऱ्यात काय आहे ते आपल्याला कधीच दिसणार नाही.

आपण त्याच्याशी वाद घालू नये, असे मी म्हणणार नाही. त्याच्या विखारी बोलण्यावर गप्प राहणे म्हणजे संमती, असा अर्थ तो काढेल. "हे बोलणे मला मान्य नाही" असे एकदा स्पष्ट सांगावे आणि त्यावर थांबावे. आकडे आणि इतिहास घेऊन त्याला हरवण्याच्या फंदात पडू नये, कारण त्या विषयाची तयारी तो रोज करतो आणि आपण करत नाही; शिवाय हरलेला माणूस मत बदलत नाही, पुढच्या वेळी अधिक तयारीने येतो. त्याऐवजी त्याच्या मतांपेक्षा त्याच्या दिवसाविषयी विचारत राहावे. कुठे जातोस, कुणासोबत जेवतोस, बैठकीत तुझ्याकडे काय काम असते, प्रवासाचे पैसे कोण देते, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे काय झाले? या साध्या प्रश्नांच्या उत्तरांतून आपल्याला जे कळेल ते कुठल्याही वादातून कळणार नाही. आणखी एक, बहुधा या विषयाशी संबंध नसलेली वाटणारी गोष्टही विचारावी : गेल्या वर्षभरात त्याचे काय बिनसले? नापास झाला, मैत्री तुटली, नोकरीच्या मुलाखतीत अपमान झाला, वसतिगृहात एकटा पडला? अशा वेळी ज्याने आधी खांद्यावर हात ठेवला, त्याचे विचार नंतर आपसूक खरे वाटू लागतात.

लक्ष कशाकडे ठेवावे, तेही सांगतो. कडवी मते असणे हा गुन्हा नाही आणि बहुतेक तरुण दोन-चार वर्षांत नोकरी, लग्न, नव्या मित्रांमुळे त्यांतून आपोआप बाहेर पडतात. चिंता तेव्हा करावी जेव्हा जुने सगळे मित्र एकदम सुटतात, "ते चुकतात" ऐवजी "ते राहताच कामा नयेत" अशी भाषा येते, पैशांचा हिशेब लागत नाही आणि कुठे होता याबद्दल तो खोटे बोलू लागतो. शस्त्र, विशिष्ट व्यक्ती, ठिकाण किंवा दिवस यांचा उल्लेख त्याच्या बोलण्यात आला, तर मात्र आत्या म्हणून एकट्याने निस्तरण्याचा प्रयत्न करू नये. ओळखीच्या वकिलाला सोबत घेऊन पोलिसांकडे जावे. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने गेल्या दशकात कट्टर विचारांकडे झुकलेल्या तरुणांना अटक न करता समुपदेशनाने परत आणण्याचे काम केले आहे, आणि अशा तरुणांविषयीची माहिती अनेकदा घरच्यांकडूनच येते. कल्याणचे चार तरुण मे २०१४ मध्ये इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेत सामील होण्यासाठी इराककडे निघून गेले होते. त्यांपैकी एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला, आणि परतण्यासाठी त्याने आधी संपर्क साधला तो घरच्यांशी. घरच्यांशी बोलण्याची वाट खुली असणे किती मोलाचे असते, हे त्यातून दिसते.

प्रश्न : देसाईगंजला माझी भात गिरणी आहे. आत्मसमर्पण केलेल्या एका जोडप्याला कामावर ठेवावे, असे मला एका परिचिताने सुचवले आहे. माणसे कष्टाळू वाटतात. पण ज्याने पंधरा वर्षे जंगलात बंदूक बाळगली, त्याचे मन खरेच पालटले आहे, हे मी कसे ओळखायचे? घरचे लोक घाबरतात.

उत्तर : मन पालटले की नाही हे आपण ओळखू शकणार नाही, मीही नाही, आणि आपल्या गिरणीसाठी ते ओळखण्याची गरजही नाही. हिंसेचा मार्ग सोडणे आणि विचार सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत; पहिली बहुधा आधी घडते, दुसरी सावकाश घडते किंवा कधीच घडत नाही. इटलीने हा फरक कायद्यातच मान्य केला होता. १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे अपहरण करून खून करणाऱ्या रेड ब्रिगेड्ससारख्या गटांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी तिथे १९८२ मध्ये एक कायदा झाला. त्यात साथीदारांची माहिती देणाऱ्यांना शिक्षेत मोठी सूट होती. परंतु पुष्कळांना हिंसा नको होती आणि मित्रांची नावे सांगणेही नको होते. त्यांच्यासाठी १९८७ मध्ये दुसरा कायदा आला : नावे सांगू नका, आपण काय केले ते कबूल करा आणि सशस्त्र मार्गाशी संबंध संपल्याचे जाहीर करा, शिक्षा कमी होईल. कुणाच्या मनात शिरण्याचा प्रयत्न त्यात नव्हता.

आपल्याकडे आत्मसमर्पण करणारे बाहेर पडण्याची जी कारणे सांगतात, ती ऐकली तर त्यांतही मार्क्सवादावरचे आक्षेप क्वचित असतात. आजारपण आणि दवाखाना नाही, हे एक. लग्नाची परवानगी हवी तर आधी पुरुषाने नसबंदी करून घ्यायची, हा दलमचा नियम. बाहेर आल्यावर मूल व्हावे म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतलेली कितीतरी जोडपी गडचिरोलीत आहेत. वरचे नेतृत्व तेलुगू भाषकांच्या हाती आणि पहाऱ्याला, ओझे वाहायला, गोळी खायला स्थानिक माडिया-गोंड मुले, ही सल आहे. आणि सर्वांत खोल जाणारे कारण म्हणजे खबऱ्या ठरवून मारलेला आपल्याच गावातला, कधी नात्यातला माणूस. खुद्द भूपतीच्या बाबतीतही क्रम असाच दिसतो. गडचिरोलीचीच असलेली त्याची पत्नी ताराक्का हिने जवळपास चार दशके भूमिगत राहून १ जानेवारी २०२५ रोजी आत्मसमर्पण केले. मे महिन्यात पक्षाचा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडमधील अबुझमाडच्या जंगलात मारला गेला. सप्टेंबरमध्ये भूपतीचे शस्त्रे थांबवण्याबद्दलचे निवेदन बाहेर आले, पक्षातल्या सहकाऱ्यांनी त्याला गद्दार म्हटले, आणि ऑक्टोबरमध्ये तो बाहेर आला. त्याचा मार्क्सवादावरचा विश्वास उडाला, असे यातून सिद्ध होत नाही. लढाई हरलो आहोत आणि आपली माणसे उगाच मरत आहेत, एवढे त्याला कळले, असे फार तर म्हणता येईल, आणि समाजाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे.

महाराष्ट्रात आत्मसमर्पण योजना ऑगस्ट २००५ पासून आहे आणि आजवर सहाशेहून अधिक जणांनी तिचा लाभ घेतला आहे. योजनेतले पैसे, घरकुलाची जागा, प्रशिक्षण या गोष्टी आवश्यकच आहेत. परंतु परतलेल्या माणसाच्या हातात पुन्हा दुसऱ्या बाजूची बंदूक देण्याची पद्धत मला चुकीची वाटते. छत्तीसगडमध्ये सलवा जुडूम या सरकारच्या पाठिंब्याने चाललेल्या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रे दिली गेली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरही तेथील पोलिसांच्या डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्ड या दलामध्ये आत्मसमर्पितांची भरती होत राहिली. जंगलाची खडान्‌खडा माहिती असलेले हे लोक लढाईत उपयोगी पडतात, हे खरे आहे. पण जो माणूस लढाईतून बाहेर पडायला आला होता, तो तिच्यात अधिक खोल अडकतो आणि त्याच्या गावाकडचे नातेवाईक सूडाचे लक्ष्य होतात. त्या तुलनेत भात गिरणीतली नोकरी कितीतरी चांगली आहे, म्हणून आपण त्या जोडप्याला कामावर घ्यावे, असेच माझे मत आहे.

घेण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. आत्मसमर्पित म्हणून त्यांची नोंद आहे ना, याची पोलीस विभागाकडे रीतसर खात्री करून घ्यावी आणि आपण त्यांना कामावर ठेवत आहोत हे लेखी कळवावे. घरच्यांची भीती बोलून दाखवू द्यावी; ती अनाठायी आहे असे सांगून गप्प करू नये, कारण आत्मसमर्पितांचे खून पूर्वी झाले आहेत. गिरणीतल्या इतर कामगारांत कुणी नक्षलवाद्यांनी मारलेल्या माणसाच्या घरचे आहे का, हे आधी विचारावे. असेल, तर त्या कामगाराला विश्वासात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मन मोठे करण्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकणे न्यायाचे नाही. रात्रीच्या पहारेकऱ्याचे काम या जोडप्याला देऊ नये, त्यांनी मागितले तरी. जेवणाच्या सुट्टीत जंगलातल्या गोष्टी सांगायचा आग्रह कुणी करू नये, हेही आपणच सर्वांना सांगावे.

बाकीच्या अडचणी कागदाच्या आहेत. अशा लोकांचे शाळेचे दाखले हरवलेले असतात, कुणाचे वय अंदाजे लावलेले असते, आधार आणि रेशनकार्डावरचे नाव जुळत नाही, आणि जात प्रमाणपत्रासाठी वडिलांचे कागद आणायला गावी जाण्याची हिंमत होत नाही. आपल्या मुनिमाला तहसील कार्यालयाचे हे काम माहीत असेल, तर त्याचे चार दिवस त्यासाठी द्यावेत. दोघांचीही बँकेत वेगवेगळी खाती काढून मजुरी त्यातच जमा करावी; बाईची मजुरी नवऱ्याच्या हाती देऊ नये. आत्मसमर्पणानंतरही जुन्या गुन्ह्यांचे खटले उरलेले असू शकतात आणि त्यांच्या तारखा गडचिरोलीला किंवा अहेरीला पडतात. तारीख चुकली तर वॉरंट निघते आणि वॉरंटच्या भीतीने माणूस पुन्हा घर सोडतो, म्हणून कामावर घेतानाच वकिलाकडून तारखांची यादी मागून घ्यावी आणि त्या दिवसांची सुट्टी पगारी धरावी.